टँकर पुढे, साहेब मागे

गोकुळदास कोरगावकरांना चढणीवर गाडी चालवता येत नाही, ही गोष्ट गोव्यातल्या साखळी गावात कुणालाच ठाऊक नव्हती. निदान गोकुळदासांची तशी समजूत होती, आणि माणूस समजुतीवरच जगतो. सत्तावीस वर्षं ते एका खाणीवर शिफ्टचे प्रमुख होते. रोज पहाटे त्यांची जीप त्या लाल, वाकड्यातिकड्या रस्त्यांनी सगळ्यांच्या आधी वर जायची आणि तिच्यामागून ट्रकांची रांग. फक्त जीप चालवायचा शंभू. गोकुळदास डावीकडे बसत. स्वतः त्यांनी गाडी चालवली ती रविवारी, घरापासून देवळापर्यंत, सपाटीवरून, दुसऱ्या गिअरमध्ये, आणि वाटेत म्हैस आडवी आली तर ती स्वखुशीने जाईपर्यंत थांबून.

एवढ्यावर राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण शंभूला एकदा टायफॉइड झाला होता, तेव्हा भर पावसात आपण एकट्यानं जीप खाणीच्या तळापासून वर काढली, अशी एक हकीकत ते सांगत. सांगून सांगून तिला इतकं तेज चढलं होतं की अलीकडे खुद्द गोकुळदासांनाही काचेवरचे पावसाचे थेंब आठवायला लागले होते. हकीकत मुळापासून खोटी होती, ही एक अडचण सोडली तर तिच्यात काही कमी नव्हतं.

खाणी बंद पडल्या त्याला हा तिसरा उन्हाळा. खाणींबरोबर 'साहेब' हा शब्दही बंद पडत चालला होता. मासळीवाली साहेब म्हणायची ती बाबा म्हणू लागली. न्हावी पूर्वी उठून उभा राहायचा, तो आता कात्रीनंच बाकाकडे बोट दाखवायचा. साहेब म्हणणारी बाजारात तीन माणसं उरली होती: वजनकाट्यावरचा बाबाजी, वर्कशॉपमधला नारायण आणि शंभू. या तिघांच्या तोंडचा साहेब गेला की आपण उरलो घरी बसून वर्तमानपत्रातलं कालचं तापमान वाचणारे गोकुळदास, याची त्यांना मनातून फार भीती वाटे. खाणीची जुनी जीप लिलावात निघाली तेव्हा त्यांनी ती घेतली, ती याच भीतीपोटी. ती दारातल्या फणसाखाली उभी असे, आणि गोकुळदास तिची काच रोज पुसत. बाबाजी आणि नारायणनंही त्याच लिलावात एकेक जीप घेतली होती.

सगळं सुरू झालं ते बाजारातल्या हॉटेलात, पावभाजी खाताना. पणजीची काही पोरं नव्याकोऱ्या गाड्या घेऊन राखण्याच्या माथ्यावर जाऊन आली होती आणि मोबाइलवर फोटो फिरत होते. राखण्याचा माथा म्हणजे तालुक्याच्या हद्दीवरचा डोंगर. वर राखणदाराची, म्हणजे डोंगर राखणाऱ्या देवाची, पाषाणाची जागा, आणि जायला एक लाल मातीची वाट. फोटोंखाली त्या पोरांनी लिहिलं होतं की ही वाट येरागबाळ्याचं काम नाही. बाबाजीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. गोकुळदासांच्या हातातला पाव भाजीत बुडायचा थांबला. असल्या चढणी आम्ही न्याहारीच्या आधी करत होतो, असं ते म्हणाले. म्हणाले ते म्हणालेच, वर येत्या रविवारी आपण आपल्या तिन्ही जीप घेऊन जाऊ, असंही म्हणाले. भर मे महिन्यात. बाबाजी आणि नारायण एका आवाजात "व्हय साहेब" म्हणाले, आणि तो दुहेरी साहेब ऐकून गोकुळदासांनी सगळ्यांसाठी आणखी पाव मागवले.

बातमी घरी पोचायच्या आधी शेजारी पोचली. शेजारचे रामचंद्र मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी कुंपणापलीकडून सांगितलं की वैशाखात शहाणा माणूस दुसऱ्या माथ्यावर जात नाही, स्वतःचा माथा तापतो तेवढा पुरतो. तरी जायचंच असेल तर दोन्ही खिशांत कांदा ठेवा, कानाला पंचा बांधा, आणि दर अर्ध्या तासाला स्वतःचं नाव आठवतं का ते बघा. गोकुळदासांच्या पत्नी प्रभावतीबाईंनी मात्र सल्ला दिला नाही. त्यांनी बरोबर यायचं ठरवलं. "घराक बसान भियेण्यापरास जिपीत बसान भियेलेला बरा," एवढंच म्हणाल्या आणि आमसुलं भिजत घालायला आत गेल्या.

मग परवानगी. ती देणाऱ्या कचेरीतला सगुण नावाचा कारकून सज्जन होता, पण त्याच्याकडचा डोंगराचा नकाशा इतक्या वेळा घडी घातलेला होता की माथा नेमका घडीवर येऊन तिथं भोक पडलं होतं. ज्या जागेला नकाशाच नाही तिला परवानगी कशी द्यायची, असा सगुणचा प्रश्न होता. गोकुळदासांनी विचारलं की मग मनाई तरी कशी करणार. सगुणनं त्यावर दोन दिवस विचार केला आणि पत्र दिलं: चढणीस हरकत नाही, माथ्याबाबत या कार्यालयास काही म्हणावयाचे नाही. गोकुळदासांनी ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं. सरकारनं आपल्या बाबतीत मौन पाळावं हाही एक मानच, असं त्यांनी घरी समजावून सांगितलं.

आता खरी गोम. गोकुळदासांचा आतला बेत असा होता की आयत्या वेळी शंभूला बोलवायचं, जुन्या सवयीनं तो उजवीकडे बसेल, आपण डावीकडे बसू, आणि कुणाला काही वेगळं वाटणार नाही. बेतात खोट नव्हती. पण शनिवारी तयारीच्या बैठकीत नारायण धुळीबद्दल बोलला. वाटेवर वीतभर धूळ आहे, पुढची जीप गेली की मागच्याला हातभर दिसणार नाही. आणि गोकुळदासांच्या तोंडून, सत्तावीस वर्षांच्या सवयीनं, निघून गेलं की मग पाणी मारू.

खाणीवरच्या माणसाला धूळ म्हटली की पाण्याचा टँकर आठवतो. तिथं रस्त्यावर टँकर फिरायचाच. मागे भोकं पाडलेला पाइप, त्यातून पाणी, आणि मागून ट्रक. शेतकऱ्याला, शिक्षकाला किंवा पणजीच्या पोरांना डोंगरावर जाताना पुढे टँकर लावायचं दहा जन्मांत सुचलं नसतं. या तिघांना ते इतकं सहज पटलं की बाबाजीनं साहेबांच्या हुशारीबद्दल चहा मागवला. चहा पिता पिता नारायण म्हणाला, टँकर आपल्या शंभूचाच आहे की. खाण गेल्यापासून शंभू टँकरनं लग्नाकार्याला पाणी पुरवायचा. त्या टँकरचा क्लच इतका लहरी होता की शंभूशिवाय तो कुणाला बधत नसे. म्हणजे शंभू टँकरवर. म्हणजे जीपवर गोकुळदास.

त्या संध्याकाळी त्यांनी देवळामागच्या लहानशा चढावावर गुपचूप सराव केला. जीप अर्ध्यावर जाऊन बंद पडली. त्यांनी चारी चाकांना चार धोंडे लावले आणि पायी घरी आले. तासाभरानं नारायण जीप घेऊन दारात हजर झाला. देवळामागे सापडली, कुणीतरी चोरून नेली असावी, म्हणाला आणि चावी देऊन गेला. गोकुळदासांनी चोरांना चार शिव्या घातल्या आणि देवाचे आभार मानले.

रविवारी पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, म्हणून साडेनऊला निघाले. डोंगराच्या पायथ्याशी बाबाजीनं राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. चढणीत अडचण येऊ नको देऊस, गाड्या सुखरूप जाऊ देत, लेकरांना धुळीचा त्रास नको. यातलं धुळीचं तेवढं राखणदारानं फारच मनावर घेतलं.

क्रम असा होता: टँकर, मग गोकुळदास आणि प्रभावतीबाई, मग बाबाजी आणि त्याची बायको सुमन, शेवटी नारायण. ऊन असं होतं की स्टिअरिंगला हात लागत नव्हता. गोकुळदासांनी पंचा गुंडाळला. प्रभावतीबाईंनी उघड्या जीपमध्ये छत्री उघडली. शंभूनं पाण्याचा कॉक सोडला, लाल धूळ खाली बसली, मातीचा छान वास सुटला, आणि पहिला फर्लांगभर गोकुळदासांना वाटलं की आपण उगीच घाबरलो.

खाणीचे रस्ते ट्रकांनी चेपून दगडासारखे झालेले असतात, ही बाब तिघांनीही लक्षात घेतली नव्हती. इथं भुसभुशीत माती होती. टँकर स्वतः कोरड्यावरून चालला होता आणि मागच्यांसाठी चिखल करत होता. चढ लागला तसा तो हळू झाला, तसं एकेका जागी पाणी जास्त पडलं. गोकुळदासांची जीप आधी उजवीकडे घसरली, मग डावीकडे, आणि मग दोन्हीकडे जायचं सोडून खाली जाऊ लागली. चाकं निम्मी बुडाली. मागे बाबाजी रुतला, त्याच्यामागे नारायण.

गोकुळदासांनी शंभूला थांबवण्यासाठी हॉर्न वाजवला. इथं दुसरी गोष्ट विसरली गेली. खाणीवर टँकरच्या मागून हॉर्न वाजला की त्याचा अर्थ एकच असायचा: धूळ उडतेय, पाणी वाढव. शंभूनं पाणी वाढवलं. गोकुळदासांनी घाबरून लांब हॉर्न दिला. शंभूनं आणखी वाढवलं. मागून बाबाजी आणि नारायणही हॉर्नवर हात ठेवून बसले. आज साहेबांना धूळ अजिबात खपत नाही असं दिसतंय, असं समजून शंभूनं कॉक पुरता सोडला आणि वर निघून गेला. वरून पाण्याचा लाल ओहोळ खळखळत आला आणि बघायला खाली उतरलेल्या प्रभावतीबाईंच्या चपला घेऊन गेला.

वैशाखाच्या बारा वाजताच्या उन्हात, जिथं महिनोन्महिने थेंब पडला नव्हता अशा डोंगरावर, तीन जीप चिखलात रुतून बसल्या. काजूच्या बागेतून एक बाई बोंडांनी भरलेली टोपली डोक्यावर घेऊन आली. ती खालच्या वाड्यावरची कमलाक्षी. तिनं चिखल पाहिला, आभाळ पाहिलं, पुन्हा चिखल पाहिला.

"पाऊस खंय पडलो?" तिनं विचारलं.

बाबाजीला गप्प बसवेना. त्यानं टँकरचं सगळं सांगितलं. कमलाक्षीनं टोपली खाली ठेवली.

"आमच्या वाड्यार दोन दिसांनी पाणी येता," ती म्हणाली, "आणि तुमी रस्त्याक न्हाणयतात?"

गोकुळदासांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागावता यावं असं तिच्या बोलण्यात काही खोटं नव्हतं, आणि म्हणून ते जास्त लागलं. आपण एक टँकरभर पाणी नुसत्या ऐटीसाठी मातीत घातलं, याची त्यांना खरोखर लाज वाटली. पुढच्या रविवारी टँकर भरून वाड्यावर पाठवतो, असं ते खाली मान घालून म्हणाले. कमलाक्षीनं त्यावर फार विश्वास ठेवलेला दिसला नाही, पण काजूच्या वाळल्या फांद्या चाकांखाली घालायला तिनं दाखवलं, आणि थोडं थांबा, ऊन आहे, सुकेल, असं सांगून ती निघून गेली.

म्हणून सगळे सुकायची वाट पाहत बसले. सकाळपासून ज्या उन्हाला शिव्या चालल्या होत्या त्याची आता आळवणी सुरू झाली. एक ढग डोंगराकडे येताना दिसला तेव्हा सुमननं त्याच्याकडे असं पाहिलं की तो वळून गेला असावा. दीड तासानं माती धरली, फांद्यांवरून चाकं निघाली, आणि तिन्ही जीप कशाबशा वरच्या सपाटीवर पोचल्या. तिथं शंभू टँकरला टेकून उभा होता.

"पाणी पुरला मा, साहेब?" त्यानं अभिमानानं विचारलं.

त्याच क्षणी तिन्ही जीपांच्या तोंडांतून वाफ निघाली. चिखलातून एवढी इंजिनं रेटल्यावर दुसरं काय होणार. नारायणनं फडक्यानं रेडिएटरची टोपणं सैल केली आणि पाणी मागितलं. शंभूनं टँकरचा कॉक उघडला. त्यातून एक लाल किडा बाहेर पडला. पाणी पाजायला आणलेल्या टँकरात थेंब नव्हता.

सगळ्यांची नजर प्रभावतीबाईंच्या मांडीवरच्या डब्याकडे गेली. त्यात पाच लिटर तिवळ होतं. आमसुलं, मीठ, हिरवी मिरची, वर हिंग. बाईंनी झाकणावर हात ठेवला. नारायणनं घसा खाकरून सांगितलं की मीठ इंजिनाला वाईट, पण तहान त्याहून वाईट. अखेर एकेक घोट सगळ्यांनी घेतला आणि उरलेलं गोकुळदासांच्या जीपला पाजलं. तिची वाफ गुलाबी झाली आणि जेवणाच्या पंगतीसारखा वास सुटला. एकाच जीपपुरतं तिवळ होतं, म्हणून शेवटची चढण सहाही जणांनी त्याच जीपमधून जायचं ठरलं.

शेवटची चढण म्हणजे दोन वळणं. टँकर तिथं जात नव्हता. उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी, मध्ये जीपला जेमतेम पुरेल एवढी वाट. सगळे मागे दाटीवाटीनं बसले. पावसात जीप काढलेले साहेब आहेत, मग भिऊक कित्या, असं बाबाजी सुमनला समजावत होता. गोकुळदास स्टिअरिंगमागे बसले. प्रथम त्यांनी चष्मा पुसला. मग कांदा एका खिशातून दुसऱ्या खिशात घातला. मग पाठीत लचक भरल्यासारखं करून पाहिलं, पण ती कुणी पाहिली नाही. शेजारी प्रभावतीबाई बसल्या होत्या, मागे साहेब म्हणणारी जगातली तिन्ही माणसं बसली होती, आणि पुढे ती वाट होती. खोटेपणानं ही माणसं दरीत घालण्यापेक्षा साहेबपणा दरीत गेलेला परवडला, असं त्यांना वाटलं. त्यांनी इंजिन बंद केलं.

"शंभू, माका चढणीर गाडी येणा नाय," ते म्हणाले. "कधीच येय नाय होती. ती पावसातली गजालय खोटी."

मग शंभू खाली उतरून त्यांच्या बाजूला आला.

"माका खबर आसा, साहेब," तो म्हणाला. "त्या पावसात तुमी आठ दीस रजा काढून माझ्या खाटीकडे बसलेल्यात. पेज भरवीत. जीप काढूक खंयसून जातल्यात?"

म्हणजे ही हकीकत इतकी वर्षं ज्याच्यासमोर सांगितली, तोच ती खोटी असल्याचा एकुलता एक साक्षीदार होता. गोकुळदासांनी बाबाजीकडे पाहिलं. बाबाजी दरीकडे पाहत होता. नारायणला एकाएकी बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

"सरकात थोडे," शंभू म्हणाला. "तुमी डावीकडे. उजवी कड माका दिसता. डावी कड सत्तावीस वर्सां तुमी बघितल्यात, मी नाय. हय दरी डावीकडे आसा. तुमी थंय बसल्याशिवाय मी गाडी घालूचंय नाय."

प्रभावतीबाई उठून मागे गेल्या. गोकुळदास डावीकडे बसले, बाहेर कमरेपर्यंत वाकले, आणि चाकाच्या कडेवर त्यांची नजर बसली. मग त्यांचा आवाज बदलला. चल. चल. दोन बोटं उजवीकडे. थांब. दगड आहे. येवंदे. शंभू समोर पाहून त्या आवाजावर गाडी चालवत होता. एका वळणावर मागचं डावं चाक कडेपासून चार बोटांवर आलं, ते गोकुळदासांनी पाहिलं, शंभूला सांगितलं, आणि मागच्या मंडळींना सांगितलं नाही. शिफ्टचा प्रमुख याहून वेगळं काय करतो.

जीप माथ्यावर पोचली. राखणदाराच्या पाषाणाला सगळ्यांनी हात जोडले. खाली त्यांची खाण दिसत होती; खड्ड्यात हिरवं पाणी साचून स्वस्थ पडलं होतं, रस्त्यांवर गवत वाळलं होतं. खाणीवरचे चौघेही बोटानं एकमेकांना आपापल्या जागा दाखवू लागले. गोकुळदासांना रडू येईलसं वाटलं, पण घामानं ते झाकलं गेलं. मग फोटो काढून झाले आणि उतरायची वेळ आली.

तेव्हा गोकुळदासांच्या ध्यानात आलं. उतरताना दरी उजवीकडे येणार. उजवी कड शंभूला दिसते. म्हणजे डावीकडे कुणीही बसलं तरी चालेल, किंवा कुणी नाही बसलं तरी. ते मागच्या बाजूनं जीपवर चढू लागले आणि प्रभावतीबाईंना म्हणाले की तू पुढे बस, वारा लागेल.

शंभूनं ते पाहिलं. तो जीपभोवती एक फेरी मारून आला.

"साहेब, गाडी हय वळाची नाय," तो म्हणाला. "जागा खंय आसा? रिव्हर्सूच घेऊक होयी. डावी कड बघूक तुमी होये."

राखण्याचा माथा म्हणजे कातळाचा चांगला लांबरुंद सडा होता. बाबाजी नुकताच त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून धापा टाकत परतला होता. त्यानं चारी दिशांना नीट पाहिलं आणि जागा फारच अरुंद असल्याचं सांगितलं. नारायणनं पावलं टाकून मोजल्यासारखं केलं आणि वीतभर कमी पडते म्हणाला. सुमन म्हणाली की आपल्याला आल्या आल्याच अंग चोरून उभं राहावं लागलं होतं. राहता राहिल्या प्रभावतीबाई. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याची एक थाप खपवून घेतली नव्हती. त्यांनी तो अफाट सडा पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"व्हय," त्या म्हणाल्या, "जागा कमीच दिसता." आणि जाऊन मागे बसल्या.

कुठं गाडी वळते आणि कुठं वळत नाही हे ठरवण्यात गोकुळदासांची उभी हयात गेली होती. या माथ्यावर खाणीचे चार ट्रक एका वेळी वळले असते. चष्मा पुसून ते डावीकडे बसले, बाहेर वाकले, आणि जीपच्या पत्र्यावर हात आपटून म्हणाले, "येवंदे."